इटलीचे उत्तर

सरकारी कारखान्याच्या प्रशिक्षण केंद्रात मी अनेक वर्षे मापन शिकवले. ‘मोजल्याशिवाय लिहायचे नाही’ हे वाक्य पहिल्याच तासाला फळ्यावर लिहीत असे. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातील प्रश्नमंजूषा माझ्याकडे आली ती त्यामुळेच. प्रत्येक उत्तर मी दोन ठिकाणी पडताळले, एक सोडून. ते मला उघडच वाटले होते.

मल्लेश्वरमच्या सभागृहात दोन संघ बरोबरीत होते. शेवटचा प्रश्न मोटारसायकल शर्यतींचा: महामारीच्या वर्षी सर्वोच्च श्रेणीत निर्मात्यांचे विजेतेपद कोणत्या कंपनीला मिळाले? एका संघात चामराजपेटेत दुचाकींच्या सुट्या भागांचे दुकान चालवणाऱ्या एक अक्का होत्या. त्यांनी घंटा वाजवून इटलीच्या कंपनीचे नाव सांगितले.

“चूक,” मी म्हणालो. जगज्जेता स्वार जपानी गाडीवर होता, एवढे मला ठाऊक होते.

“सर, ते स्वाराचं झालं. कंपनीचं वेगळं असतंय की.”

“अक्का, हे दुकान नव्हे. इथे बसेल तो पार्ट चालत नाही.”

सभागृह खळखळून हसले. त्याही किंचित हसल्या, “सरी”, म्हणजे ठीक आहे, म्हणाल्या आणि खाली बसल्या. दुसऱ्या संघाने जपानी कंपनीचे नाव सांगितले. त्यात जे. पी. नगरातले माझे शेजारी होते. करंडक त्यांना मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नियम वाचला. प्रत्येक शर्यतीत कंपनीची जी गाडी सर्वांत पुढे येते, फक्त तिचेच गुण कंपनीला मिळतात. मग तिच्यावर स्वार कोणीही असो. त्या वर्षी इटलीची कधी ही गाडी पुढे आली, कधी ती. त्यांचा एकही स्वार जगज्जेता झाला नाही, तरी निर्मात्यांचे विजेतेपद त्यांचेच होते.

मी दुकानात गेलो. अक्का एका गिऱ्हाइकासाठी ब्रेकशू काढत होत्या.

“तुमचे उत्तर बरोबर होते,” मी हळू आवाजात म्हणालो.

“माहीत आहे की, सर. हसायला सगळी होती. हे सांगायला मात्र तुम्ही इथं आलात.”

आणि त्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये बोलू लागल्या.

घरी येऊन मंडळाच्या ग्रुपसाठी मी निवेदन लिहिले. तीनदा सुधारले. विरामचिन्हांसह निर्दोष झाले, पण पाठवले नाही. त्याच रविवारी मंडळ माझा सत्कार करणार होते. शाल मी घेतली.

पुढच्या वर्षी प्रश्नमंजूषेच्या आरंभी व्यासपीठावरून चूक कबूल केली; नियमही समजावून सांगितला. टाळ्यांचा कडकडाट झाला. “इतका प्रामाणिकपणा सरांकडेच!” अध्यक्ष माइकवरून म्हणाले. मी सवयीने हात जोडले आणि मगच समोरच्या रांगा नीट पाहिल्या. अक्का आल्या नव्हत्या. त्या वर्षी त्यांनी नावच दिले नव्हते, हे मला संघांची यादी करतानाच कळले होते.