ओठांतल्या टाचण्या

आमच्या ह्यांच्या कात्रीला धार कमी, जिभेला जास्त. शिलाई उत्तम म्हणून गिऱ्हाइकं निमूटपणे ऐकून घ्यायची. मुलानं मात्र ऐकून घेतलं नाही. एका उलट्या लागलेल्या बाहीवरून हे त्याला नाही नाही ते बोलले आणि तो घर सोडून गेला. त्याचं लग्न झाल्याचंही आम्हाला मागाहून कळलं.

पुढे एका रविवारी चर्चमध्ये पाळक उपदेशात आत्मसंयमनावर बोलले. ह्यांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून राग आला की टाचण्यांची डबी ओढायची आणि टाचण्या ओठांत धरायच्या. शिंप्याला ती सवय असतेच. तोंडात टाचण्या असल्या की बोलता येत नाही, प्रार्थना मात्र मनातल्या मनात करता येते. मला आधी हसूच यायचं. "अहो, जेवायला बसलाय, आता तरी काढा," असं सांगावं लागायचं. पण दुकानातला आरडाओरडा थांबला, हे खरं.

मग मुलगा सुनेला घेऊन आला. "राहायचं की नाही, ते बघू," म्हणाला. त्याची मोठी बॅग दाराआड बंदच होती. माझा सगळा जीव त्या बॅगेत.

आणि नेमका तेव्हाच पाळकांच्या मुलीचा लग्नाचा झगा शिवून टेबलावर ठेवलेला. लग्न दुसऱ्याच दिवशी. हे चहाला आत आले, तेवढ्यात सुनेनं मदत म्हणून त्यावर इस्त्री फिरवली. करपल्याचा वास आला आणि आम्ही बाहेर दुकानात धावलो.

पांढऱ्या सॅटिनच्या घेराला, खाली काठाशी, पिवळा डाग पडला होता. सून मागे सरकली. मुलगा तिच्यापुढे येऊन उभा राहिला आणि बापाकडे रोखून बघू लागला. ह्यांचा चेहरा लालबुंद झाला. हात डबीकडे गेला आणि होत्या नव्हत्या तेवढ्या टाचण्या ओठांत गेल्या.

तशाच तोंडानं ह्यांनी घेर पाहिला, मग इस्त्री उचलली. तिचं तापमानाचं चाक जाड कापडाच्या खुणेवर होतं. सकाळी कोटाला इस्त्री करून ह्यांनीच ते तसं ठेवलं होतं.

एकेक टाचणी काढून ह्यांनी डबीत टाकली. ओठावर रक्ताचा थेंब आला होता.

"बाळा, हात भाजला नाही ना?" ह्यांनी सुनेला विचारलं. "चाक फिरवायचं मीच विसरलो. काठाला झालर लावू, डाग झाकला जाईल. तू दोरा ओवून दे."

सून रडायला लागली, आणि मीही. कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

झालर लागत होती तेव्हा मुलानं बॅग आत नेली. तिची चेन उघडल्याचा आवाज आला.

"आई, कपाटातला एक खण रिकामा करून देशील?"

"तुझा खण रिकामाच आहे," मी म्हटलं. तो गेल्यापासून मी त्यात काही ठेवलंच नव्हतं.