बोटीचं बुकिंग आणि आईचं तिकीट

त्या दुपारचा विषय निघाला की आजही माझी मान आपोआप खाली जाते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पुढे पुढे त्यांचं काही वाटेनासं झालं. पण ज्यात शेवटी गुन्हाही दाखल झाला नाही अशा एका साध्या प्रकरणाने मला जेवढं शरमेने कोंडीत पकडलं, तेवढं दुसऱ्या कशानेच नाही.

मी मूळचा साताऱ्याकडचा. अमेरिकेत शिकायला आलो, शिक्षण राहिलं बाजूला आणि पोलिसात शिरलो. ऐंशीच्या दशकात टेक्सासमध्ये, अर्विंगच्या बाजूच्या एका ठाण्यात मी डिटेक्टिव्ह होतो. अख्ख्या ठाण्यात भारतीय मी एकटा. त्यामुळे साडी दिसो, पगडी दिसो, आमचा सार्जंट मला हाक मारायचा, "ये रे बाबा, तुझ्या गावचं कुणी तरी आलंय." मनाने चांगला माणूस, पण जिभेला हाड नाही.

सप्टेंबरचे दिवस होते. ऊन नुसतं भाजून काढत होतं. एका मोटारवाल्याने पेट्रोल पंपावरून फोन केला, की अंगाला चादर गुंडाळलेली एक परदेशी बाई रक्ताने माखलेलं लहान मूल घेऊन हायवेच्या कडेने पळते आहे, मूल पळवलेलं दिसतंय. गस्तीची गाडी गेली. मुलीला हॉस्पिटलमध्ये नेलं आणि बाईंना ठाण्यात आणलं. चादर म्हणजे नऊवारी लुगडं होतं आणि पायात रबरी सपाता.

"मावशी, मी मराठीच आहे. घाबरू नका," मी म्हणालो.

"माझी नात कुठाय?"

"हनुवटीला टाके घालतायत. ठीक आहे ती. तिचे आईवडील कुठे आहेत?"

त्यांनी पदर सावरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ही इज बाथिंग."

"मावशी, मराठीत सांगा."

"ही इज बाथिंग. कॉल लेटर."

पाठ करून घेतलेलं वाक्य होतं ते. सार्जंट दारात उभा होता. तो म्हणाला, "मोठी आंघोळ दिसतेय!" एरवी मीही हसलो असतो.

चौकशीत माणसाला घाई केली की तो बंद होतो, हे तोवर मला कळलं होतं. मी चहा मागवला. टी बॅगचा तो पाणचट चहा बघून बाई म्हणाल्या, "याला चहा म्हणतात होय!" तिथून जरा बोलत्या झाल्या. नात अंगणातल्या पायरीवरून तोंडावर आपटली होती. रक्त थांबेना, तेव्हा तिला उचलून त्या डॉक्टर शोधायला निघाल्या.

"आमच्याकडे कोपऱ्यावर पाटी असतेच हो डॉक्टरची. इथे मेली घरांमागून घरं, आणि रस्त्यावर माणूस म्हणून दिसायला नाही. पोर गळून चाललेली. माझा तर जीव जायची वेळ आली."

"घरात फोन होता ना? आपल्यापैकी कुणाचा तरी नंबर असेल."

"होते की. फोनशेजारीच चिकटवलेत."

"मग का नाही केलात?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "मग सगळ्यांना कळलं असतं."

कोडं तिथेच सुटलं. बाकीचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. मुलगा आणि सून बोटीवर गेले होते, क्रूझला. मराठी मंडळात सांगितलं होतं, की आईला घेऊन आम्ही सगळे ह्यूस्टन दाखवायला चाललोय. आईला भारतातून आणून मूल सांभाळायला घरी ठेवली आणि स्वतः हिंडायला गेले, असं कुणी बोलू नये म्हणून ही थाप. ऑफिसातून वगैरे कुणा इंग्रजी बोलणाऱ्याचा फोन आलाच तर म्हणायचं, बाथिंग. पोरीच्या हनुवटीतून रक्त वाहत असताना या बाईंनी फोन उचलला नाही, कारण मुलाची अब्रू गेली असती.

मी सार्जंटला इंग्रजीत सगळं सांगितलं. त्याने सहज विचारलं, "तुमच्यात असं करतात?"

"छे! मुळीच नाही," मी म्हणालो. फारच मोठ्याने म्हणालो. खरं तर शनिवारच्या पार्ट्यांमध्ये 'आईचा व्हिसा आहे तोवर फिरून घ्या' हे मी किती तरी जणांच्या तोंडून हसत हसत ऐकलं होतं. कान नुसते तापले माझे.

ट्रॅव्हल एजंटला गाठून बोटीवर निरोप धाडला. ती दोघं पुढच्या बंदरावर उतरून विमानाने परत यायला निघाली. पण तोवर मुलीचा ताबा सरकारी सोशल वर्करकडे गेला होता आणि तिने मुलीला एका अनोळखी कुटुंबात ठेवलं होतं. पोरीची व्यवस्था न लावता आईवडील गेले असं ठरलं, तर प्रकरण कोर्टात जाणार आणि पोर परक्यांकडेच राहणार. बाईंचा एकच धोशा, "माझी नात माझ्या हातात द्या, मग मला खुशाल तुरुंगात घाला."

दुसऱ्या दिवशी सगळे एका खोलीत बसलो. मुलगा इंजिनीअर, नाकावर ऊन लागून साल निघालेली. सून सतत रुमालाने डोळे टिपत होती. सोशल वर्कर इंग्रजीत विचारत होती. जबाब आईंना मराठीत समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं.

"सहल कधी ठरवलीत?" तिने विचारलं.

मुलाला वाटलं, आपण किती विचार करून ठरवलं हे सांगितलं तर बाजू भक्कम होईल. मीटिंगमध्ये बोलावं तसा तो बोलू लागला. ख्रिसमसला भाव चढे. उन्हाळ्यात गर्दी. सप्टेंबरमध्ये वादळांची भीती, म्हणून तिकिटं निम्म्यावर येतात. एजंट म्हणाला, आत्ताच बुक करा, चांगली केबिन मिळेल. फक्त मुलीला कोण बघणार हा प्रश्न होता. "सो वुई बुक्ड द क्रूझ, अँड देन वुई सेंट मॉम हर टिकेट."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. सुनेचा रुमाल थांबला.

आईंनी मला विचारलं, "काय म्हणाला तो?"

मुलगा माझ्याकडे बघत होता. ती नजर मी आरोपींच्या डोळ्यांत पुष्कळदा पाहिली होती. "आई, अगं..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. मला काय बुद्धी झाली कुणास ठाऊक, मी म्हणालो, "बोट स्वस्तात मिळाली, असं म्हणतायत."

बाई किंचित हसल्या. "खोटं बोलायला येत नाही हो तुम्हाला. पोलिसात कसे घेतले?" मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "राहू द्या. सांगू नका. आले त्या दिवसापासून मी हेच विचारायचं टाळतेय."

मुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सोशल वर्कर मला विचारू लागली, त्या काय म्हणाल्या? मला भाषांतर जमेना. मी मराठी आहे याची मला त्या खोलीत लाज वाटली. एवढी, की मी उठून पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेलो.

आजी सावध आहे, प्रेमळ आहे आणि आता ॲम्ब्युलन्स कशी बोलवायची हे तिला शिकवलं आहे, एवढ्यावर सोशल वर्करने प्रकरण मिटवलं. नात आजीच्या कडेवर आली. "आजी, यू केम!" म्हणून तिच्या गळ्यात पडली. बाईंनी तिचे इतके मुके घेतले, की आमचा सार्जंटसुद्धा दुसरीकडे बघू लागला.

पार्किंगमध्ये मुलाने मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता रडेल. तो म्हणाला, "प्लीज, मंडळात कुणाला सांगू नका हं." सणसणीत काही तरी बोलायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मागे आई उभ्या होत्या. मी नुसती मान हलवली.

तो गाडी आणायला गेला. तेवढ्यात बाई जवळ आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, परतीचं तिकीट आधीचं करून मिळतं का हो? कसं करतात ते मला माहीत नाही. आणि घरात विचारायची लाज वाटते."

कोण कुठे होतं, कधी काय ठरलं, हे शोधून काढणं म्हणजे तपास, असं मी तोवर समजत होतो. त्या प्रकरणात सगळं शोधून काढलं, पण या बाईंना काय हवंय हे मी एकदाही विचारलं नव्हतं. शेवटी त्यांनाच सांगावं लागलं. पुढे ठाण्यात कुणी म्हातारं माणूस आलं की मी हा प्रश्न आधी विचारायचो. माझे सहकारी हसायचे. हसू देत.

तिकीट मी बदलून दिलं. मुलाला त्यांनी काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.