शेख सर गेले, हे ग्रुपला पटेना

शेख सर आज सकाळी गेले आणि त्यांच्याच विद्यार्थ्यांनी ती बातमी फेक ठरवली.

चिडू नका त्यांच्यावर. सरांनीच त्यांना तसं शिकवलं होतं.

सर आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. मीही त्याच डिपार्टमेंटला शिकवते, त्यांना ज्युनिअर. थर्ड इयरच्या त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाशिकची पोरं, सायखेड्याची पोरं, पार पेठच्या डोंगरातली पोरं.

तिकडे व्हिडिओ उघडत नाहीत, म्हणून सर व्हॉइस नोट पाठवायचे. सुरुवात ठरलेली.

"आवाज येतोय का, पोरांनो?"

मागे कुणीतरी सरांच्या नावाने मेसेज फिरवला, प्रॅक्टिकल पुढे गेलं म्हणून. अर्धा वर्ग घरी राहिला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सरांनी नियमच केला: नोटीस माझ्या आवाजात असेल तरच खरी. टाइप केलेलं मानायचं नाही, भले माझ्या नंबरवरून आलेलं असो.

आज सकाळी हार्ट अटॅक आला. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

सरांची मुलगी रुबीना, तिने रडत रडत त्यांच्याच फोनवरून ग्रुपवर टाइप केलं. अब्बू राहिले नाहीत. संध्याकाळी असरच्या नमाजनंतर दफन.

खाली रिप्लाय आले.

"सरांचा फोन हॅक झालाय. कोणी लिंक उघडू नका."

"व्हॉइस नोट कुठंय? नियम आठवा."

एकाने हसरा इमोजी टाकला.

आणि ज्यांना खरं वाटलं, त्यांनी भलतंच सुरू केलं. सर गेले म्हणजे उद्याचा पेपर रद्द. बघता बघता ते दुसऱ्या ग्रुपांवर गेलं.

मी सरांच्या घरी पोचले तेव्हा आतल्या खोलीत बायका कुराण वाचत होत्या आणि टेबलावर सरांचा फोन थरथरत होता. कुणी हात लावेना. रुबीना म्हणाली, "मॅडम, मला भीती वाटते त्याची. तुम्ही घ्या ना."

मलाही वाटत होती. तरी उचलला.

"हॅलो सर?"

पेठची मनीषा होती. मी कोण ते सांगितलं.

"मॅडम, खरं हाय का ते? कुनी म्हनतं पेपर कॅन्सल झाला. येष्टी लागलीय, ही शेवटचीच. मी निघू का नको? सरांना द्या ना जरा."

काय देणार?

"पेपर आहे. तू बस गाडीत," एवढंच बोलले. मग परीक्षा विभागाला विचारून खात्री केली. पेपर उद्याच, वेळेवर. पण मनीषाने फोन केला म्हणून तिला कळलं. बाकीच्यांचं काय? शेवटचं वर्ष. पेपर चुकला तर कुणाचा बाप आणखी एक वर्ष शिकवणार? मुलींची तर लग्नंच ठरवून टाकतील.

रुबीना म्हणाली, "तुम्ही बोला. माझा आवाज ते ओळखत नाहीत."

माझी पाचावर धारण बसली.

मी आजवर कधीच व्हॉइस नोट पाठवली नव्हती. विद्यार्थ्यांना नंबरसुद्धा देत नाही. बाईचा आवाज एकदा ग्रुपवर गेला की तो कुठे कुठे वाजेल, कोण त्याला गाणं जोडेल, सांगता येत नाही. सर चिडवायचे, "मॅडम, वर्गात तुमचा आवाज मागच्या बाकाची झोप उडवतो. एवढ्याशा फोनला काय घाबरता?"

सरांचा फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले, बटण दाबलं. पहिल्याच शब्दाला अडखळले. पुसलं. परत दाबलं, हुंदका आला. परत पुसलं. स्क्रीनवर सरांचा फोटो, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांच्या फोटोशेजारी माझा आवाज वाजणार होता.

मग तोंडातून आपोआप तेच निघालं.

"आवाज येतोय का, पोरांनो? मी गायकवाड मॅडम. शेख सर गेले. हे खरं आहे. मी त्यांच्या घरी आहे. पेपर उद्याच आहे. जिथे असाल तिथून निघा."

पाठवलं. ग्रुप गप्प झाला. इतका गप्प की मला वाटलं, हेही फेक ठरलं.

मग एक रिप्लाय आला. "येतोय मॅडम."

मग दुसरा. मग येतच राहिले. इमोजीवाल्याने इमोजी डिलीट केला. मनीषाने लिहिलं, "गाडीत बसले. जागा मिळाली."

आता दफन झालंय. सरांचा फोन रुबीनाने माझ्याकडेच दिलाय, परीक्षा संपेपर्यंत. उद्याचाच पेपर सर्वांत अवघड, ग्रुपवर डाउट येऊ लागलेत. सर ज्या सहजतेने समजवायचे, ती माझ्यात नाही. मला भीती वाटतेय आणि ती लपवणार नाही.

पोरांना माझ्या आवाजात पटलं, सर.

मला अजून पटलेलं नाही. नियमाप्रमाणे मी तुमच्या व्हॉइस नोटची वाट बघतेय.

सलाम, सर.