वजा श्रद्धांजली

ऑफिसात माझं काम हुडकायचं. आमच्या कंपनीच्या पंख्यांबद्दल लोक निरनिराळ्या फोरमवर काय काय बरळतात, ते शोधून साहेबांपुढे ठेवायचं. सगळ्यांना वाटतं, सर्चच्या चौकटीत चार शब्द टाकले की झालं. डोंबलाचं झालं! आधी साइटचं नाव बांधून घ्यावं लागतं, म्हणजे बाकीचं इंटरनेट सोडून त्या एकाच फोरमवर शोध चालतो. नेमके शब्द हवे असतील तर ते अवतरणचिन्हात घालायचे. आणि जे नको असेल त्याच्या आधी वजा लावायचा. वजासारखं कामाचं चिन्ह नाही. हे मी नवऱ्याला शिकवायला गेले, तर तो जांभया देत बसला.

माझ्या वडिलांनी मात्र कान देऊन ऐकलं. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. ते वाशीच्या मसाला मार्केटात माथाडी होते, आता आमच्याकडे नावड्याला असतात. बशीतला चहा संपवून म्हणाले, मग माझ्या जोडीदाराला हुडक की.

जोडीदार म्हणजे माथाड्यांच्या टोळीतला त्यांचा सोबती. मिरचीचं पोतं दोन बाजूंनी दोघांनी धरायचं आणि तिसऱ्याच्या पाठीवर द्यायचं. हे धरणारे दोघं कायमचे ठरलेले. निम्मं आयुष्य त्या माणसासमोर उभं राहून काढलं, आणि आता त्याचं खरं नाव आप्पांना सांगता येईना. टोळीत ज्याचं जे गाव, तेच त्याचं नाव. आप्पांनाही सगळे आमच्या गावाच्या नावाने हाक मारायचे. आप्पा घरी बसले आणि त्यांच्या जागी गावातलाच आमचा एक चुलतकाका लागला, तर टोळीने तेच नाव उचलून त्याला लावलं. लॉकडाऊनमध्ये तो बिचारा वारला.

जोडीदार त्याच्या कितीतरी आधी साताऱ्याकडे आपल्या गावी परतला होता. सुरुवातीला दोघांचे फोन चालायचे. मग त्याच्या मुलीचं लग्न निघालं आणि आप्पा गुडघ्याचं निमित्त सांगून गेलेच नाहीत. त्याचा फोन यायचा बंद झाला. आप्पा काय कमी हट्टी, यांनीही केला नाही. पुढे यांचा मोबाइल बिघडला, त्यात सगळे नंबर गेले, आणि कार्डाचं रिचार्ज कुणी केलं नाही म्हणून तेही बंद पडलं. ‘रुसलाय त्यो,’ एवढंच आप्पा म्हणायचे. पूर्वी कधीतरी म्हणायचे, आता रोज म्हणायला लागले होते. दोघांतला एक जण जायच्या आत त्यांना हा रुसवा मिटवायचा होता. मला उगाच वैताग यायचा, कारण मिटवायचा कसा ते मलाही कळत नव्हतं.

जोडीदाराच्या तालुक्याचा एक फोरम आहे. जत्रा, एसटी, कुस्त्या, पाण्याची टाकी, सगळ्यावर लोक तिथे तावातावाने लिहितात. रविवारी दुपारी आप्पांना शेजारी बसवलं आणि जोडीदाराच्या गावाचं नाव टाकलं. ढीगभर निघालं. मग ‘मसाला मार्केट’ अवतरणचिन्हात घातलं, ‘जोडीदार’ जोडलं. ढीग आटला, पण उरल्या त्या बहुतेक श्रद्धांजल्या. हार घातलेले फोटो एकामागून एक यायला लागले, तशी आप्पांनी मान फिरवली.

“ते काढ आदी,” म्हणाले. “मी जित्या माणसाला हुडकतोय.”

मी वजा श्रद्धांजली टाकलं. कामाचं काहीच सापडलं नाही. आप्पा उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला फार वाईट वाटलं.

ऑफिसात अशा वेळी आम्ही घातलेल्या अटी एकेक करून काढतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी आधी तो वजा काढला आणि एकेक श्रद्धांजली उघडत गेले. एका ठिकाणी फोटो नव्हता. खाली जोडीदाराच्या गावाचं नाव होतं. मनात म्हटलं, गेला. आता आप्पांना काय सांगू? मग वर मथळा बघितला. तिथे आमच्या गावाचं नाव होतं.

श्रद्धांजली आप्पांची होती. मार्केटातून कुणीतरी जोडीदाराला चुलतकाका गेल्याचं कळवलं होतं, गावाच्याच नावाने, आणि तो समजला आप्पाच गेले. सुनेला सांगून त्याने ते लिहून घेतलं होतं.

संध्याकाळी मी आप्पांना वाचून दाखवलं. “माझा जोडीदार गेला. पोरीच्या लग्नाला आला नाही म्हणून मी रुसून बसलो. गेल्याचं ऐकलं आणि खरं वाटेना, तर फोन लावला. नंबर अस्तित्वात नाही म्हणतो. आता माफी कुणाकडं मागू?”

आप्पांनी परत एकदा वाचायला लावलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले, बराच वेळ. खाली कितीतरी अनोळखी लोकांनी हात जोडले होते. मी विचारलं, त्यांच्या खाली काय लिहू?

“लिव्ह,” आप्पा म्हणाले. “मेलो न्हवतो म्हनावं. रिचार्ज संपलं हुतं.”