बाहेर पडण्याचे मार्क

बारावीचा निकाल लागला आणि माझं मेडिकल थोडक्यात हुकलं. मला दुःख कसलं, आतून गुदगुल्याच होत होत्या. गणितही ठेवलं होतं आणि नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागत होता. पण अण्णा हटून बसले. अण्णा म्हणजे माझे वडील, निलंग्याकडच्या एका गावात मास्तर. घरात एक तरी डॉक्टर झालाच पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. मग काय, रिपीटर म्हणून माझी रवानगी पुन्हा लातूरला, त्याच क्लासला, त्याच खोलीत, त्याच मैत्रिणीशेजारी. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची शेवटची फेरी तेवढी राहिली होती. ती गेली की माझा विषय संपला.

क्लासमध्ये दर आठवड्याला टेस्ट व्हायची आणि मार्कांप्रमाणे बाकं बदलायची. जरा घसरलं की दप्तर उचलून मागं. त्याच दिवसांत मला रद्दीच्या दुकानात एक जाडजूड कादंबरी सापडली. कव्हर गायब, पहिली पानं फाटलेली, त्यामुळं लिहिणारा कोण ते आजही माहीत नाही. गोष्ट पुढच्या काळातल्या एका शहराची. तिथं माणसांना नावं नाहीत, छातीवर नंबर. भोंगा वाजला की सगळ्यांनी चौकात येऊन रांगेत उभं राहायचं. नीट उभा राहील त्याचा नंबर वर चढतो. शहराला भिंत आहे, भिंतीला दरवाजा आहे आणि तो सताड उघडा असतो, तरी कुणी बाहेर जात नाही. मी मैत्रिणीला थोडं वाचून दाखवलं. ती म्हणाली, आपल्या क्लासची कुणीतरी चुगली केलेली दिसतीय.

आमच्या मालकीणकाकूंचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला होता आणि त्याचा कॉम्प्युटर पुढच्या खोलीत चादरीखाली पडून होता. दहावीच्या सुट्टीत मी थोडं प्रोग्रॅमिंग शिकले होते. तेवढ्या भांडवलावर मी ठरवलं, ह्या कादंबरीचा गेम करायचा. भिंत म्हणजे फुल्यांची रांग. माणूस म्हणजे एक शून्य. भोंगा म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातून निघणारं एक कर्कश पीं. भोंग्याला चौकात गेलं की दहा मार्क. शून्य दरवाज्यातून बाहेर पडलं की सगळा पडदा निळा, गेम जिंकला. पहिल्यांदा पडदा निळा झाला तेव्हा मी काकूंना मिठीच मारली. बिचाऱ्या हातात लाटणं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. जीवशास्त्राच्या पुस्तकावर धूळ बसत होती, पण मी लई खूश होते.

मग बिल्डिंगमधल्या सगळ्या पोरी खेळायला लागल्या आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. एकसुद्धा बया दरवाज्याकडं जाईना. भोंगा वाजला की शून्य पळत चौकात, दहा मार्क, पुन्हा भोंगा, पुन्हा चौक. दोन भोंग्यांमध्ये किती वेळ जातो ते काढून त्यांनी भिंतीवर चिकटवलं. मी वैतागून मार्क दहाचे पाच केले, तर त्या दुप्पट वेळ बसायला लागल्या. शेवटी मी मैत्रिणीला विचारलं, बाई गं, दरवाजा उघडाय, दिसत नाही का तुला?

"दिसतोय की," ती म्हणाली. "पण बाहेर पडायचे मार्क किती? आणि मायनस मार्किंग असलं तर?"

मी कपाळाला हात लावला आणि मग आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो.

त्या रविवारी अण्णा डबा घेऊन आले. प्रवेशाची फेरी दुसऱ्या दिवशी होती. ते जेवले की विषय काढायचा, असं मी मनात घोकत होते. तेवढ्यात काकू कौतुकानं म्हणाल्या, मास्तर, तुमच्या लेकीनं केलेला खेळ बघा की. रिपीटर पोरगी अभ्यास सोडून गेम करत बसलीय, आता नांदेडचं नावसुद्धा काढायची सोय उरली नाही. अण्णा खुर्चीत बसले. पोरींनी त्यांना बाणांची बटणं दाखवली, चौक दाखवला, मार्क कसे मिळवायचे ते समजावलं. दरवाज्याचं कुणी बोललंच नाही.

भोंगा वाजला. अण्णा दचकले, चौकाकडं बघितलंसुद्धा नाही, बटणं दाबत सुटले आणि शून्य थेट दरवाज्यातून बाहेर. पडदा निळा झाला. पोरी पडद्याजवळ सरकल्या.

मी लहान असताना आमच्याकडं मोठा भूकंप झाला, त्या पहाटे अण्णांनी मला अंथरुणासकट उचलून अंगणात आणलं होतं. मागं घराची भिंत बसली. तेव्हापासून रस्त्यानं ट्रक गेला तरी ते आधी दाराकडं बघतात. मला ते माहीत होतं, पण गेम करताना डोक्यात आलं नव्हतं.

अण्णांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. मी सांगितलं, चुकलं नाही, तुम्ही जिंकलात, बाहेर पडणारे तुम्हीच पहिले. मग ह्या पोरी काय करतात, त्यांनी विचारलं. रांगेत उभ्या राहतात, मी म्हणाले. "आन् तू?"

सगळ्यांसमोर मी भोकाड पसरलं. एवढी मोठी घोडी, पण पसरलं. रडता रडताच नांदेडचं, शेवटच्या फेरीचं, सगळं सांगून टाकलं. अण्णा निळ्या पडद्याकडं बघत बसले. काकूंनी चहा आणून ठेवला, तोही गार झाला.

मग ते उठले आणि चपला घालायला लागले. मला वाटलं, रागावून निघाले गावाकडं.

"चल," ते म्हणाले. "नांदेडची यष्टी कितीला हाय?"