सुलोचनाअक्कांचा जुना कॉम्प्युटर

सकाळी सिरुसेरीला जाणाऱ्या ऑफिसच्या बसमध्ये होतो, तेव्हा मालिनीचा फोन आला. "अक्का गेल्या. झोपेतच," ती म्हणाली. त्यावर मी जे विचारलं त्याची आज दीड महिन्यानंतरही लाज वाटते... "घरात अजून कोण होतं?" मालिनी त्यांची भाची. तिला राग आला नाही. सुलोचनाअक्कांच्या वेलचेरीतल्या घरात वरच्या मजल्यावर सहा वर्षं भाड्यानं राहिल्यावर माणूस असंच संशयानं विचारणार, हे तिला माहीत असावं.

अक्का तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांच्या मराठीत तमिळ सूर होता, आणि माझी सांगलीची मराठी ऐकून त्यांना हसू यायचं. संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये त्यांची सारी नोकरी झाली. निवृत्त होऊन पंधरा वर्षं लोटली, तरी स्टोअर सुटलं नव्हतं. दुधाची पिशवी आली की माप लावून बघत. पेपरची पुरवणी नसली, तर ती वाटेत कुणी काढून घेतली असेल याचा विचार दुपारपर्यंत चाले. माझ्यावरही नजर असायची. गच्चीचं दार मी किती वाजता उघडलं, हे मला नसलं तरी त्यांना आठवत असे.

एका शनिवारी त्यांनी मला खाली बोलावलं. जुना डेस्कटॉप सुरू होत नव्हता. आतला पंखा फिरत होता, पडदा मात्र काळाच. "काल तू वायफायची पेटी हलवलीस ना?" हा पहिला प्रश्न. नाही म्हणालो, तर म्हणाल्या, "मग तूच उघड. कॉम्प्युटरवालाच ना तू?" मी प्रोग्रॅम लिहितो, यंत्रं दुरुस्त करत नाही, हे त्यांना कधीच पटलं नाही. शेवटी गिंडीत दुरुस्तीचं छोटं दुकान असलेल्या भास्करनना मी घरी आणलं. मदरबोर्डवरचे तीन कपॅसिटर डोक्याशी फुगले होते. बोर्ड गेला होता. नवा बोर्ड त्या जुन्या प्रोसेसरला चालणार नव्हता, तसलाच वापरलेला शोधावा लागणार होता. "पेटी दुकानात नेतो, अम्मा," ते तमिळमध्ये म्हणाले. अक्कांनी मान हलवली. "नक्को. पेटी घराबाहेर जाणार नाही."

पुढच्या रविवारी भास्करन बोर्ड घेऊन आले. त्याआधी अक्कांनी हार्ड डिस्कवर आणि रॅमच्या पट्टीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता... कुणी बदलू नये म्हणून. भास्करननी तो पाहिला, आणि ते कामाला लागले. वायरींचा फोटो काढला, स्क्रू वाटीत ठेवले, जुना बोर्ड सोडवला, प्रोसेसर पुसून आणलेल्या बोर्डावर बसवला. अक्का हातभर अंतरावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. सगळं जोडून झाल्यावर भास्करन आपली पिशवी टेबलापाशी ठेवून हात धुवायला मागे गेले. मी अक्कांच्या सांगण्यावरून स्वयंपाकघरात कॉफी गाळत होतो.

आम्ही परत आलो, बटण दाबलं... नुसती पीं-पीं. पडदा काळा. अक्का उठल्या आणि त्यांनी दाराची कडी लावली. "जुना बोर्ड, नवा बोर्ड, सगळं टेबलावर ठेवा. त्याआधी कुणी जायचं नाही." भास्करनचा चेहरा उतरला. "अम्मा, मी चोर नाही." खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटलं, या माणसानं बिघडलेलाच बोर्ड आणला असेल. मी त्यांची बाजू घेतली नाही. त्यांनी वाकून तो आवाज पुन्हा ऐकला, बोट घालून रॅमची पट्टी दाबली. खट्ट झालं आणि पडदा उजळला. "मी घट्ट बसवली होती," ते पुटपुटले.

"मी काढली होती," अक्का म्हणाल्या. "ठिपका बघायला."

मग त्यांनी एक फोल्डर उघडला. जुन्या चौकशीची सगळी कागदपत्रं आहेत ना, हे बघायला. त्या नोकरीत असताना स्टोअरमधून मोजमापाच्या उपकरणांचं एक खोकं हरवलं होतं, आणि चावी अक्कांकडे होती. चौकशी बसली. दीड वर्ष रोज संध्याकाळी फाटकावर त्यांची पिशवी रिकामी केली जायची, सगळ्यांसमोर. "खोकं दुसऱ्याच फळीच्या मागं मिळालं. मला कोणी सांगितलं नाही. एक दिवस झडती घेतली नाही, तेव्हा कळलं." हे सांगताना त्या पडद्याकडेच बघत होत्या. भास्करननी थंड झालेली कॉफी उभ्यानंच संपवली.

अक्का त्यानंतर बदलल्या वगैरे काही नाही. दुधाचं माप तसंच राहिलं. भास्करन मात्र अधूनमधून येत राहिले, धूळ साफ करायला.

मागच्या आठवड्यात मालिनीनं तो कॉम्प्युटर रिकामा करायला सांगितलं. चौकशीच्या फोल्डरमध्ये सर्वांत शेवटी एक पान होतं, त्या रविवारी अक्कांनी लिहिलेलं, कार्यालयीन इंग्रजीत. "भास्करन हात धुवायला गेले असता त्यांची पिशवी मी उघडून तपासली. आक्षेपार्ह काही आढळलं नाही. त्यांना कळवायचं राहिलं आहे." खाली पूर्ण नाव आणि हुद्दा.

मी ते पान छापून गिंडीला गेलो. भास्करननी हातातलं काम ठेवून वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "माझ्या पिशवीची चेन अडकते, म्हणून मी ती अर्धीच लावतो. हात धुऊन आलो तर पूर्ण लावलेली होती."

"तरी तुम्ही येत राहिलात?"

"सांगतील म्हणून येत होतो," ते म्हणाले. "दर वेळी दारापर्यंत सोडायला यायच्या... आणि नुसतं 'जपून जा' म्हणायच्या."