राजा खोदून खोदून विचारत होता

लेकीच्या गॅदरिंगला मेकअपच्या खोलीत दाढी-मिशा चिकटवायच्या स्पिरिट गमचा उग्र वास आला आणि नव्वदच्या दशकातला सांगलीतला एक दुपारचा प्रयोग आठवला. कॉलेजच्या नाटकात मी भविष्य दिसणारी म्हातारी झाले होते. राजाचं मरण तिला आधीच दिसतं, तो खोदून खोदून विचारतो, पण ती शेवटपर्यंत गप्प राहते. प्रयोगानंतर मी चिकटवलेल्या पांढऱ्या भुवया सोडवत होते, तेवढ्यात प्रेक्षकांतली एक जतकडची बाई डब्याची पिशवी घेऊन आत आली. "पोरी, त्यो एवढं इचारत हुता, तू सांगितलं का न्हाईस?" मी हसून म्हटलं, "मावशी, नाटकात तसंच लिहिलंय." ती हसली नाही. तिचे मालक समोरच्याच दवाखान्यात होते. डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितले होते, आणि मालक तिला रोज विचारत होते. "मीबी तुझ्यावानी गप हाय. सांगू का?" एकोणीस वर्षांची मी काय सांगणार? पण मला राहवलं नाही. "मावशी, त्यांना आधीच कळलं असेल तर?" तिनं पिशवी काखेत मारली. "मग आमी दोघंबी एकएकटंच बसलोय की," म्हणाली आणि तडक निघून गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही नेपथ्य टेम्पोत चढवत होतो, तेव्हा गावी निघालेली ती दोघं थांबली. तिच्या खांद्यावर हात टाकून मालक म्हणाले, "राजाची गोष्ट हिनं सांगितली. त्याला म्हाईत हुतं, पोरी. मलाबी हुतं. हिच्या तोंडनं ऐकायचं हुतं." गेल्या वर्षी आईनं स्वतःच्या रिपोर्टचं विचारलं, तेव्हा मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं.